व्हँपायर : उत्पत्तीच्या कल्पना

व्हँपायर म्हणजे पुरलेले प्रेत थडग्यातून उठून जिवंतांचे रक्त शोषते, ही पूर्व व आग्नेय युरोपातील लोकसमजूत. माणूस व्हँपायर कसा होतो, याची उत्तरे दोन प्रकारची आहेत. एकात दोष मृताच्या जन्मात, मरणात किंवा अंत्यविधीत असतो. दुसऱ्यात आधीच्या व्हँपायरची लागण होते. आज लागण सर्वांना ठाऊक आहे. लोकपरंपरेत मात्र पहिले कारणच अधिक पसरलेले दिसते.

शब्द : जर्मन, फ्रेंच व इंग्रजीत हा शब्द अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सर्बियाकडून आला. ‘उपिर’ हे रूप त्याहून पुष्कळ जुने. 1047 च्या एका रशियन हस्तलिखिताच्या पुष्पिकेत (अखेरच्या नोंदीत) ‘उपिर लिखी’ असे एका धर्मगुरूचे नाव येते. मूळ प्रत उरलेली नाही, नंतरच्या नकलाच उपलब्ध आहेत. ते खरे नाव, टोपणनाव की परक्या नावाचे रूपांतर, याविषयी एकमत नाही. स्लाव्ह भाषांचे अभ्यासक मिक्लोशिच यांनी शब्दाचा संबंध चेटकिणीसाठीच्या ‘उबिर’ या तुर्की शब्दाशी जोडला. तथापि रशियन ‘उपिर’ व बल्गेरियन ‘व्हंपिर’ ही रूपे एकाच जुन्या अनुनासिक स्वरापासून समजावता येतात. त्यामुळे शब्द मूळचा स्लाव्ह असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

दोषातून उत्पत्ती : आत्महत्या, धर्मबहिष्कार, डोक्यावर गर्भवेष्टनाचा पापुद्रा घेऊन जन्मणे ही नेहमीची कारणे. रुमानियात सातवे अपत्यही संशयित ठरे. ग्रीक व स्लाव्ह प्रदेशांत अंत्यविधीपूर्वी प्रेतावरून मांजर उडी मारून गेले तरी पुरे. म्हणून प्रेताजवळ जागता पहारा ठेवत.

लागण : हिचा सर्वांत तपशीलवार पुरावा सर्बियातील मेदवेजा गावचा आहे. अर्नोल्ड पाओले हा हायदुक (सरहद्दीवरचा शिपाई) गवताच्या गाडीवरून पडून मान मोडून मेला. व्हँपायरने छळल्यावर आपण त्याच्या थडग्यातली माती खाल्ली व त्याचे रक्त अंगाला चोळले, असे तो सांगत असे. मरणानंतर त्याने चौघांचा जीव घेतल्याचा बोभाटा झाला. चाळिसाव्या दिवशी त्याला उकरून छातीत खुंटी ठोकली व जाळले. त्या चौघांचीही तीच गत केली, कारण व्हँपायरचा बळी स्वतः व्हँपायर होतो. त्याने गुरांचेही रक्त प्यायले आणि त्या गुरांचे मांस खाणारे बाधित झाले, अशी दुसरी साखळीही सांगितली गेली. काही वर्षांनी तीन महिन्यांत 17 माणसे दगावली, तेव्हा लष्करी शल्यवैद्य फ्लुकिंगर याने थडगी उघडून जानेवारी 1732 मध्ये अहवाल दिला. तोंडाशी ताजे रक्त, फुगलेले अंग, गळून पडलेल्या नखांखाली नवी नखे, हे त्यातले ‘पुरावे’ कुजण्याचेच आहेत: पोटातील वायू रक्तमिश्रित द्रव वर ढकलतो, वरची त्वचा सुटते, आणि खुंटी ठोकताच कोंडलेली हवा घशातून कण्हल्यासारखी बाहेर पडते. घरात पाठोपाठ मृत्यू होत तेव्हा साथीच्या रोगाचे खापर पहिल्या मृतावर फुटे. 1755 मध्ये ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया तेरेसा हिने अशा उकराउकरीला बंदी केली.

कथावाङ्मय : ‘कार्मिला’ या इंग्रजी कथेत (1872) दोन्ही कारणे जोडली आहेत: पहिला व्हँपायर आत्महत्येतून, पुढचे त्याच्या बळींतून. पण प्रत्येक बळी व्हँपायर झाला तर हिशेब बसत नाही; प्रत्येकाने महिन्याला एक नवा केला तर एकापासून तीस महिन्यांत 107 कोटींवर होतात. ‘ड्रॅक्युला’त (1897) मीनाला ड्रॅक्युलाच्या छातीवरील जखमेतून रक्त पाजले जाते. त्याच कल्पनेतून पुढे ‘मरणाच्या दारी नेऊन आपले रक्त पाजणे’ हा नियम रुळला.

मराठी समजुतींशी तुलना : वेताळाला व्हँपायर म्हणण्याचा प्रघात इंग्रजी अनुवादांनी, विशेषतः रिचर्ड बर्टनच्या विक्रम-वेताळ कथांच्या 1870 च्या पुस्तकाने, दृढ केला. वेताळ परक्या प्रेतात शिरतो. तो चाव्याने होत नाही व कोणाला आपल्यासारखा करत नाही. बडोद्याच्या मराठी घरांत ठाऊक असलेली पिशाचे अपुऱ्या राहिलेल्या आयुष्यातून होतात: मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला मुंजा, बाळंतपणात गेलेली हडळ. शेजारच्या गुजराती घरांतील चुडेलीचे कारणही हेच. देह जाळला जात असल्याने चालते प्रेत उरत नाही. उरतो तो वासनेचा प्रश्न. त्यासाठी दुर्मरणानंतर नारायणबळी करतात. बडोदेकर त्यासाठी डभोई तालुक्यातील नर्मदाकाठच्या चांदोदला जातात. ब्रह्मा, विष्णू, रुद्र, यम व प्रेत असे पाच कलश मांडतात. देह सापडला नसेल तर आधी पळसाच्या 360 पानांच्या देठांचा पुतळा करून दहन होते.

‘एकामागे दुसरा जातो’ ही भीती येथेही आहे, पण तिचे कारण नक्षत्र. धनिष्ठेच्या उत्तरार्धापासून रेवतीपर्यंतच्या पंचकात मृत्यू आला तर घरात आणखी पाच मृत्यू होतात, असे मानतात. म्हणून दर्भाचे पाच पुतळे करून त्यांना जवाचे पीठ लावतात, प्रेतावर ठेवतात आणि त्याच चितेत जाळतात.