देवाची नावे मोजणारा संगणक

विज्ञानकथेतला संगणक म्हटला की माणसावर उलटलेले, स्वतःच्या डोक्याने चालणारे यंत्रच बहुतेकांना आठवते. मला मात्र सर्वांत खरा वाटतो तो आर्थर क्लार्कच्या 1953 सालच्या ‘द नाइन बिलियन नेम्स ऑफ गॉड’ या कथेतला. तिबेटातले लामा देवाची सगळी नावे लिहून काढण्यासाठी अमेरिकेतून संगणक भाड्याने घेतात. हाताने 15,000 वर्षे लागली असती. यंत्राला 100 दिवस पुरे.

देव म्हणजे काय, याचा त्या यंत्राला पत्ताच नाही. त्याला दोनच नियम दिले आहेत: नाव जास्तीत जास्त नऊ अक्षरी असावे, आणि एकच अक्षर लागोपाठ तीनपेक्षा जास्त वेळा येऊ नये. मग ते स्कूटरच्या किलोमीटरच्या आकड्यांसारखे चालते. शेवटच्या घरातले अक्षर एकेक पुढे सरकते. वर्णमाला संपली की ते पहिल्यावर येते आणि डावीकडचे एक घर पुढे जाते. लागोपाठ चौथे तेच अक्षर आले की ते नाव गाळायचे. वर्णमाला 12 अक्षरांची धरली, तर नऊ अक्षरी नावे 12 चा नववा घात, म्हणजे सुमारे 516 कोटी होतात. 13 धरली की थेट 1060 कोटी! एकच अक्षर वाढले आणि काम दुपटीवर गेले. लामांचे 900 कोटी या दोन्हींच्या मधे बसतात.

अक्षरे कुठल्या लिपीतली, याने यंत्राला काडीचाही फरक पडत नाही. त्याच्या लेखी ती सगळी आकडेच. संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा असल्याचे ‘नासा’ने मान्य केले, असे निरोप पुढे ढकलणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

आता वेग पाहू. 100 दिवस म्हणजे 86 लाख 40 हजार सेकंद. त्यात 900 कोटी नावे बसवायची तर सेकंदाला हजाराच्या वर हवीत. 1946 मध्ये जगापुढे आलेला एनिअॅक हा सुरुवातीचा संगणक सेकंदाला 5000 बेरजा करत असे, तेव्हा नुसती मोजणी त्या काळच्या यंत्रांच्या फार पलीकडची नव्हती. घोडे पेंड खाते ते छपाईत. हजार नावे म्हणजे नऊ हजारांच्या आसपास अक्षरे, आणि त्या काळचे विजेवर चालणारे टंकयंत्र सेकंदाला साधारण 10 अक्षरे उमटवी. लामांना मुदत पाळायची, तर मठात अशी नऊशेहून अधिक टंकयंत्रे रात्रंदिवस चालवावी लागली असती.