शॅरन: चंद्र की जोडीदार?

जून १९७८ मध्ये प्लूटोच्या छायाचित्रांत एका बाजूला फुगवटा आढळला. सुरुवातीला तो चित्रणातला दोष वाटला. पण दर ६.४ दिवसांनी तो त्याच जागी परतत होता, आणि प्लूटोची स्वतःभोवतीची एक फेरीही तेवढ्याच काळाची. तो फुगवटा म्हणजे शॅरन, प्लूटोचा सर्वांत मोठा चंद्र. सोबती सापडल्याने प्लूटोचे वस्तुमान नीट मोजता आले आणि ते पृथ्वीच्या जेमतेम पाचशेव्या भागाएवढे भरले. प्लूटोचे ग्रहपद खरे तर तेव्हाच डळमळले.

२००५ मध्ये नेपच्यूनपलीकडच्या हाउमेआ या छोट्या गोलाचे दोन, तशाच एरिसचा एक आणि प्लूटोचे निक्स व हायड्रा असे पाच बर्फाळ चंद्र एकाच वर्षात हाती लागले. पुढच्या ऑगस्टमध्ये प्रागला ग्रहाची व्याख्या ठरवायला खगोलशास्त्रज्ञ जमले. प्लूटोला वगळले, एवढेच त्यातले सर्वांच्या लक्षात राहिले. पहिल्या मसुद्यात मात्र ग्रह बारा होते आणि त्यांत शॅरनही होता! निकष असा: दोघांचा सामायिक गुरुत्वमध्य, म्हणजे दोघेही ज्या बिंदूभोवती फिरतात तो, मोठ्या गोलाच्या बाहेर पडत असेल, तर तो जोडग्रह. प्लूटो आणि शॅरनचा गुरुत्वमध्य प्लूटोच्या पृष्ठभागापासून सुमारे ९५० किलोमीटर वर, मोकळ्या अवकाशात आहे.

निकषात खोच होती. आपला चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर दूर सरकतो; तसाच सरकत राहिला तर कधीतरी पृथ्वी-चंद्राचा मध्य पृथ्वीबाहेर येईल आणि चंद्र बसल्या जागी ग्रह ठरेल. सूर्य आणि गुरूचा मध्यही सूर्याच्या किंचित बाहेरच पडतो. आक्षेप रास्त होते, पण निकष सुधारण्याऐवजी अंतिम ठरावातून जोडग्रह हा शब्दच गळाला. शॅरनचा व्यास प्लूटोच्या निम्म्याहून थोडा जास्त, वस्तुमान आठव्या हिश्शाइतके. अशाला नुसता उपग्रह म्हणणे ओढूनताणूनच आहे.

नंतर भर पडतच गेली. २०११ मध्ये केर्बेरोस, २०१२ मध्ये स्टिक्स हे प्लूटोचे आणखी दोन चंद्र सापडले. २०१५ मध्ये नासाचे न्यू होरायझन्स यान प्लूटोजवळून गेले. त्याच वर्षी टिपलेला माकेमाके या नेपच्यूनपलीकडच्याच आणखी एका छोट्या गोलाचा चंद्र माकेमाकेहून १३०० पट फिका आहे. त्याची कक्षा आपल्याला जवळजवळ कडेवरून दिसते, म्हणून तो बराच काळ माकेमाकेच्या झगमगाटात हरवलेला असतो.

प्लूटोचे चार छोटे चंद्र प्लूटोभोवती नव्हे, तर त्या मोकळ्या मध्याभोवती फिरतात. यादीत मात्र ते प्लूटोचेच, आणि शॅरनची नोंद ‘प्लूटो १’.