घरच्या ज्येष्ठांसाठी मदतनीस घेण्याआधी

‘आईसाठी चोवीस तासांची बाई हवी, उद्यापासून.’ ज्येष्ठांच्या देखभालीसाठी घरी माणसे पाठवणाऱ्या आमच्या संस्थेला बहुतेक फोन असेच येतात. आम्ही मात्र उद्यापासून माणूस पाठवत नाही. आधी आमची सिस्टर घरी येऊन तासभर बसते, कारण एवढ्याशा मागणीत अगदी वेगवेगळी कामे दडलेली असतात. आजींना सोबत आणि आंघोळीला आधार हवा असेल, तर प्रशिक्षित मदतनीस पुरते. त्या अंथरुणाला खिळल्या असतील, तर उचलायला दुसरे माणूस कधी लागेल हे ठरवावे लागते. नाकातली किंवा लघवीची नळी, इन्सुलिन, जखमेचे ड्रेसिंग असेल तर एएनएम किंवा जीएनएम हे नर्सिंगचे शिक्षण झालेली नर्सच हवी. आमच्या मदतनिसांना इंजेक्शन द्यायची परवानगी नाही. ‘मावशी, आजच्या दिवस टोचा’ असा आग्रह कृपया करू नका.

पहिल्या भेटीत आम्ही प्रश्न विचारतो ते आजी-आजोबांना, मुला-सुनांना नंतर. चहा किती वाजता लागतो, आंघोळ पूजेआधी की नंतर, कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, कोणाकडून अंग पुसून घ्यायला संकोच वाटतो, हे सगळे लिहून घेतो. परदेशातून मुलगा किंवा मुलगी व्हिडिओ कॉलवर असेल तर चांगलेच, पण बोलणे आधी आजींचे.

मग घर पाहतो. दिवाण फार बुटका असला तर उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. काठावर बसल्यावर तळवे जमिनीला पूर्ण टेकले आणि गुडघे साधारण काटकोनात आले, तर ती उंची बरोबर. संडास-बाथरूममध्ये भिंतीत पक्का ठोकलेला दांडा हवा. टॉवेलचा रॉड वजन पेलत नाही, आणि तोल गेल्यावर हात नेमका तिथेच जातो. आतली कडी काढून टाका, घसरणारी पायपुसणी उचला, पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा ठेवा. कोथरूड-कर्वेनगरच्या जुन्या इमारतींत बाथरूमचे दार अरुंद असते. वॉकर विकत घेण्याआधी दार मोजा.

पहिले आठ दिवस

‘मला कुणी नको’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येते. त्यावर वाद घालू नका. जमत असेल तर पहिले काही दिवस चार-चार तासच ठेवा. मावशींनी आल्या आल्या आंघोळीला न्यायचे नाही. शेजारी बसून भाजी निवडायची, पेपर वाचून दाखवायचा. आंघोळीला नकार असेल तर आधी फक्त पाय धुवायचे, दुसऱ्या दिवशी पाठ. साडी किंवा गाऊन आजींनीच निवडायचा. विस्मरणाचा आजार असेल तर संध्याकाळी बेचैनी वाढते, ‘मला घरी जायचंय’ सुरू होते. अशा वेळी ‘हेच तर तुमचं घर’ असे बजावून उपयोग होत नाही. ‘घरी कोण कोण आहे?’ असे विचारत चार पावले बरोबर चालले की बहुधा मन शांत होते. माणसे सारखी बदलू नयेत असा आमचा प्रयत्न असतो, तो यासाठीच.

जे जमते ते त्यांचे त्यांनीच

भरवले की जेवण दहा मिनिटांत होते, स्वतः जेवले तर चाळीस. आम्ही चाळीस मिनिटे देतो. वापरात न राहिलेला हात लवकर आखडतो, आणि उठवून बसवायची सवय लागली की मांड्यांतले बळ जाते. मावशी हाताशी बसून आहेत आणि आजोबा स्वतः बटणे लावत आहेत, असे दिसले तर तो कामचुकारपणा समजू नका.

अर्धांगवायू झालेल्यांना सदरा घालताना आधी दुबळा हात बाहीत घालायचा, काढताना तो शेवटी. खुर्ची सशक्त बाजूला ठेवायची. काखेत हात घालून ओढायचे नाही, दुबळा खांदा निखळू शकतो. झोपेतून उठल्यावर दोन मिनिटे पलंगाच्या काठावर बसवायचे, मग उभे करायचे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना एकदम उभे राहिले की दाब उतरतो आणि भोवळ येते.

पाठ, टाचा, माकडहाड

एकाच कुशीवर पडून दाबाने जखम (बेडसोर) झाल्यावर महिनोन्‌महिने ड्रेसिंग करत बसण्यापेक्षा ती होऊ न देणे सोपे आहे, आणि हे काम रात्रीचे आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची: डावी, पाठ, उजवी. पूर्ण आडवे न करता पाठीमागे उशी देऊन साधारण 30 अंशांत कलते ठेवायचे, गुडघ्यांमध्ये एक उशी. पोटरीखाली उशी अशी सारायची की टाच अधांतरी राहील. सरकवताना ओढायचे नाही. अंगाखालची चादर दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलायचे, ओढल्याने कातडी आतून सुटते.

एअर बेड (हवेची गादी) आणला म्हणजे कूस बदलायला नको, हा समज चुकीचा आहे. त्यावर गोधडी, मेणकापड आणि दोन चादरी घातल्या तर त्याचा उपयोगही उरत नाही. एकच सैल सुती चादर पुरे. लालसर डाग दिसला तर बोटाने दाबून पाहा. दाबल्यावर पांढरा पडत नसेल, तर जखमेची ती सुरुवात आहे. तिथे तेल चोळू नका, त्या जागेवरचा भार काढा आणि आम्हाला कळवा. शी झाली की डायपर लगेच बदलायचा, कोमट पाण्याने धुऊन टिपून कोरडे करायचे. स्त्रियांना नेहमी पुढून मागे पुसायचे.

जेवण आणि औषधे

ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, अर्धा चमचा, गिळल्याची खात्री, मग पुढचा घास. जेवल्यावर अर्धा तास बसूनच. पातळ चहा-पाण्याने पेजेपेक्षा जास्त ठसका लागतो, त्यामुळे घास उतरत नाही म्हणून वरून पाणी ओतणे धोक्याचे. दुबळ्या बाजूच्या गालात अन्न अडकून राहते, तेही पाहायचे. रात्री उठावे लागेल या भीतीने बरेच जण पाणीच पीत नाहीत. त्यांना दिवसाउजेडी थोडे थोडे द्यायचे. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर किती, हे डॉक्टरांना विचारून.

आठवड्याची गोळ्यांची डबी घरच्यांनी किंवा नर्सने भरायची, मदतनिसाने फक्त त्यातून द्यायची आणि वहीत वेळ लिहायची. नावापुढे ‘एसआर’ किंवा ‘एक्सआर’ असलेल्या गोळ्या कुटून देऊ नयेत, हळूहळू सुटणारे औषध एकदम अंगात जाते. मधुमेह्यांना घाम, थरथर, गोंधळ दिसला आणि रक्तातली साखर 70 च्या खाली असेल, तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका.

काल नीट बोलणारे आजोबा आज अचानक असंबद्ध बोलू लागले, तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणे, बरेच दिवस पोट साफ नसणे, नवीन गोळी, यांपैकी काहीही असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तोंड वाकडे, एक हात लुळा, बोबडी वळली असे झाले तर थेट 108. शेवटचे ठीक केव्हा होते ती वेळ लिहून ठेवा, मेंदूतली गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनसाठी साधारण साडेचार तासांचीच मुदत असते. पडल्यावर घाईने उचलू नका. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर खुब्याचे हाड मोडले असण्याची शक्यता फार. रक्त पातळ करणारी गोळी चालू असून डोक्याला मार लागला असेल, तर वरून ठीक दिसले तरी रुग्णालयात न्या.

तुमच्याकडून आम्हाला काय लागते

चोवीस तासांच्या ड्यूटीतही मदतनिसाला रात्री सहा-सात तास झोप हवी. रात्रभर कूस बदलायची असेल, तर बारा-बारा तासांच्या दोन माणसांना पर्याय नाही. झोप न झालेल्या माणसाच्या हातून चुकीची गोळी जाते. दोन वेळचे जेवण, झोपायला जागा, आठवड्याची सुटी द्या. सुटीच्या दिवशी बदली आम्ही पाठवू. आजींचे कपडे, भांडी, त्यांच्यापुरता स्वयंपाक मदतनिसाच्या कामात येतो, घरभराची धुणीभांडी येत नाहीत. वेगळा कप, जमिनीवर बसवून जेवण, असे असेल तर आम्ही सेवा थांबवतो.

प्रत्येकाची पोलीस पडताळणी झालेली असते, ओळखपत्राची प्रत पहिल्या दिवशी मागून घ्या. तरीही दागिने, एटीएम कार्ड आणि पिन मदतनिसाच्या हाती देऊ नका. कॅमेरा लावणार असाल तर आजी आणि मावशी दोघींना सांगून लावा, बाथरूममध्ये किंवा कपडे बदलतात तिथे नाही.

माणूस पटले नाही तर मावशींशी भांडण न काढता आम्हाला सांगा. नव्या-जुन्या मावशी एक पूर्ण दिवस बरोबर राहून वही समजावून घेतात, त्या दिवसाचे पैसे आम्ही एकाच माणसाचे लावतो. आजी-आजोबांनाही तक्रार करता यावी म्हणून आमचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून पलंगाशेजारी लावतो. त्याखाली ज्येष्ठ नागरिकांची शासकीय हेल्पलाइन 14567 ही असते.