स्ट्रॉम्बोलीला जायचंय? आधी सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्या

हरिहर, अंजनेरी, ब्रह्मगिरी झालं की नाशिकच्या ट्रेकवाल्यांना जिवंत ज्वालामुखी बघायची हुक्की येते. हल्ली त्यात इटलीतल्या स्ट्रॉम्बोली बेटाचं नाव सारखं निघतं. व्हिसाचे अर्ज फेटाळले जातात तेही सारखे, आणि कारणं ठरलेली.

बेटावर 290 मीटर उंचीपर्यंत आपलं आपण चालता येतं. त्याच्या वर परवानाधारक गाईड हवाच, आणि तोही अलीकडे साधारण 400 मीटरपर्यंतच नेतो. शिखर 924 मीटरवर आहे. जुलै 2019 च्या स्फोटात एक ट्रेकर दगावला, तेव्हापासून तिथली वाट बंद. तेव्हा अर्जासोबतच्या पत्रात, म्हणजे कव्हर लेटरमध्ये, 'शिखर सर करणार' असली वाक्यं नकोत. गाईडच्या बुकिंगची पावती मात्र जोडा.

व्हिसा शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच), फी 90 युरो, नकार आला तरी परत नाही. फोटो, विमान-हॉटेलची बुकिंग नेहमीसारखी. परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट तीन महिने चालू हवा. बोटांचे ठसे द्यायला व्हिसा केंद्रात स्वतःच जावं लागतं.

'प्रवासाच्या 15 दिवस आधीपर्यंत अर्ज चालतो' हे वाचून लोक निवांत बसतात. अहो, ती शेवटची मुदत आहे! निर्णयालाच 15 दिवस लागतात, शंका आली तर 45, शिवाय अपॉइंटमेंट मिळायला हवी ती वेगळीच. अर्ज सहा महिने आधीपासून घेतात. दोन-तीन महिने तरी हाताशी ठेवा.

विमा किमान 30,000 युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि मुक्कामाचा प्रत्येक दिवस धरणारा. एवढ्यावर व्हिसा मिळतो, पण बऱ्याच पॉलिसींत ट्रेकिंग वगळलेलं असतं. पाय मुरगळल्यावर ते कलम वाचण्यात अर्थ नाही.

आता खरी अडचण. नोकरदाराकडे पगारपत्रक, रजेचं पत्र असतं. द्राक्षवाल्याकडे? गेल्या वर्षी निफाडकडच्या एका काकांची फाईल मी पाहिली. खात्यात वर्षभर शे-पाचशेच्या नोंदी आणि मार्चमध्ये एकदम साडेनऊ लाख. आपल्याला कळतं, माल गेला. काउंटरपलीकडच्याला वाटतं, कुणाकडून उसने घेऊन खातं फुगवलंय. आयकर रिटर्नही नाही, कारण शेतीचं उत्पन्न करमुक्त. नकाराच्या छापील कागदावर एका चौकोनात खूण, बस. खुलासा विचारायचीही तसदी नाही.

पुढच्या वेळी आम्ही व्यापाऱ्याच्या हिशोबपट्ट्या लावल्या, प्रत्येक पट्टीची रक्कम स्टेटमेंटमधल्या नोंदीशी पेनने जुळवून. सातबारा आणि आठ-अ (जमिनीचा खातेउतारा), सोबत प्रमाणित इंग्रजी भाषांतर. नुसता मराठी उतारा तिथे कुणाला वाचता येणार? एका पानाच्या पत्रात लिहिलं की माल फेब्रुवारी-मार्चमध्ये जातो, पैसे एकदाच येतात, ऑक्टोबर छाटणीला मला बागेत परत यावंच लागतं. माणूस परत येईल की नाही हीच त्यांची मुख्य शंका असते, आणि छाटणीइतकं पक्कं कारण दुसरं कुठलं! व्हिसा आला.

अर्जाच्या तोंडावर नातेवाइकांकडून खात्यात पैसे टाकून घेऊ नका. ते लगेच दिसतं.

सिसिलीतल्या मिलाझोहून बेटावर बोट जाते, समुद्र खवळला की ती रद्द होते. परतीच्या विमानाआधी एक मोकळा दिवस ठेवा, आणि तो विम्याच्या तारखांतही धरा.