चक्कर कानाची, खापर मानेवर

पन्नाशी उलटलेल्या माणसाला चक्कर आली की मानेचा एक्स-रे निघतो, त्यात झीज दिसते आणि गळ्यात पट्टा येतो. पण झीज कुणाच्या मानेत नसते? जपानमध्ये मानेची तक्रार नसलेल्या 1211 जणांचे एमआरआय काढले, तर 87.6 टक्के लोकांच्या मानेच्या मणक्यांमधल्या चकत्या फुगलेल्या निघाल्या. त्यात विशीतली मुलंही होती!

मणक्यांना फुटलेले हाडाचे काटे मेंदूची रक्तवाहिनी दाबतात, असं पूर्वापार सांगतात. मेंदूकडे जाणाऱ्या दोन धमन्या मणक्यांच्याच भोकांतून वर चढतात, म्हणून ते पटतंही. पण एक दबली तरी बहुधा दुसरी भागवून नेते. मान वळवल्यावर रक्त खरोखर अडतं, अशी माणसं फार थोडी. 1978 साली असा एक रुग्ण नोंदवला गेला, त्याला धनुष्यबाणाचा सराव करताना मेंदूचा झटका आला होता.

मानेमुळे चक्कर येण्याचा दुसरा मार्ग मला जास्त पटतो. कवटीच्या खालचे छोटे स्नायू डोकं धडाच्या मानाने कुठे आहे, हे मेंदूला सतत कळवत असतात. मान दुखून आखडली की ही खबर डोळ्यांच्या आणि कानाच्या खबरीशी जुळत नाही. मग झोक गेल्यासारखं, तरंगल्यासारखं वाटतं. घर मात्र गरगर फिरत नाही. हे सिद्ध करणारी खात्रीची तपासणी नाही. बाकीची कारणं बाद झाल्यावरच मानेचं नाव घ्यायचं.

बाद करायचं पहिलं कारण म्हणजे कान. आतल्या कानातले कॅल्शियमचे सूक्ष्म खडे जागचे सुटून अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात. कूस बदलताना, माळ्यावरचा डबा काढायला वर बघताना घर फिरतं आणि बहुधा मिनिटाच्या आत थांबतं. मान हलवल्यावर झालं, म्हणून खापर मानेवर! डॉक्टर रुग्णाला बसवून, डोकं एका बाजूला वळवून झटकन मागे आडवं करतात. काही सेकंद काहीच होत नाही, मग बुबुळं आपोआप उडू लागतात. ही तपासणी 1952 सालची, तिला यंत्र लागत नाही. मान फारच आखडलेली असेल तर ती जपून, कुशीवर झोपवून करता येते.

उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांत बीपी मोजावं. वरचा आकडा 20 ने उतरला तर बीपीच्या, प्रोस्टेटच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारावं. स्वतःहून बंद करू नयेत.

मानेची झीज खरी घातक ठरते ती मज्जारज्जू दाबला गेला तर. शर्टाचं बटण लागत नाही, चप्पल पायातून निसटते, चालताना तोल जातो, आणि रुग्ण त्यालाही चक्करच म्हणतो. इथे उशीर परवडत नाही. चकरेसोबत बोबडी वळली, दोन-दोन दिसू लागलं किंवा हातपाय लुळा पडला तर थेट इस्पितळ गाठावं.

खड्यांची चक्कर डोकं ठरावीक क्रमाने फिरवून बहुतेकदा एक-दोन बैठकांत जाते. चकरेच्या गोळ्यांनी खडे जागेवर जात नाहीत. आणि महिनोन्‌महिने वापरलेल्या पट्ट्याने मानेचे स्नायू मात्र दुबळे होतात.