डॉर्फ, मिजेट आणि पिग्मी एकच नव्हेत

रत्नागिरीजवळच्या एका रोपवाटिकेत नारळाची रोपे घेताना ‘ऑरेंज डॉर्फ’ ही पाटी वाचून सोबत आलेल्या दहावीतल्या भाचीने विचारले, “मामा, डॉर्फ म्हणजे मिजेटच ना?” तिच्या खिशातल्या शब्दकोशात डॉर्फ, मिजेट आणि पिग्मी या तिन्ही शब्दांपुढे ‘बुटका’ एवढाच अर्थ दिलेला होता. वास्तविक तिघांची मुळे वेगळी आहेत आणि पहिल्या दोहोंमागे तर शरीराच्या वाढीची दोन निरनिराळी कारणे आहेत.

पिग्मी हा मूळचा मापाचा शब्द. ग्रीक भाषेत ‘पिग्मे’ म्हणजे मूठ, तसेच कोपरापासून मुठीपर्यंतचे अंतर. संस्कृतात नेमक्या याच मापाला ‘रत्नि’ म्हणतात. ग्रीक कथांत क्रौंच पक्ष्यांशी लढणाऱ्या हातभर उंचीच्या माणसांचे हे नाव युरोपीयांनी पुढे मध्य आफ्रिकेतील वनवासी जमातींना चिकटवले. कोकणातल्या बाजारपेठेत पिग्मी म्हटले की रोजची बचत आठवते, कारण सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये दोन आण्यांपासून सुरू केलेल्या ठेवीला हेच नाव दिले होते. प्राणिशास्त्रात मात्र हा शब्द केवळ तुलनेचा आहे: हिंदी महासागरातला ‘पिग्मी’ निळा देवमासा सुमारे २४ मीटरपर्यंत वाढतो.

मिजेट हा शब्द ‘मिज’, म्हणजे चिलट, यावरून आला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील खेळवाले ठेंगणी पण प्रमाणबद्ध बांध्याची माणसे तिकीट लावून दाखवत आणि त्यांना मिजेट म्हणत. हातपाय आखूड व डोके मोठे असलेल्या माणसाला ते डॉर्फ म्हणत. माणसाला चिलट म्हणणारा तो शब्द आज योग्य कारणानेच अपमानकारक मानला जातो. परंतु त्या भेदामागचे जीवशास्त्र खरे आहे आणि ते फार सुंदर आहे.

लांब हाडांच्या टोकांपाशी कूर्चेची एक पातळ चकती असते, तिला वाढचकती म्हणू. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यातल्या पेशी तांदळाच्या भाकऱ्यांच्या चवडीसारख्या रचलेल्या दिसतात. चवडीच्या एका टोकाला पेशी विभागत राहतात, मधल्या पेशी फुगून कित्येक पटींनी मोठ्या होतात, आणि दुसऱ्या टोकाच्या पेशी मरून त्यांच्या जागी हाड तयार होते, म्हणजे हाडाची लांबी चवडीत भर पडण्याच्या वेगावर ठरते. पीयूषिका ग्रंथीतून वाढीचे संप्रेरक पुरेसे आले नाही, तर सगळ्याच चवडी सारख्या मंदावतात आणि बांधा प्रमाणबद्ध राहतो. चकत्या हाडात मिटण्यापूर्वी हे संप्रेरक टोचून दिल्यास उंची वाढतेही. आखूड हातपाय व मोठे डोके असा बांधा घडवणाऱ्या ‘अकोंड्रोप्लेझिया’ या जन्मजात स्थितीत संप्रेरक पुरेसे असते, पण चवडीतल्या पेशींवरचा ‘एफजीएफआर-३’ हा ग्राही (बाहेरचा संदेश पकडणारे प्रथिन), जो एरवी वाढीला गरजेपुरता ब्रेक लावतो, तो हा ब्रेक सतत दाबूनच धरतो. त्या प्रथिनातील ३८० व्या जागी ग्लायसीन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनीन बसते, एवढाच हा बदल असून तो १९९४ मध्ये उलगडला. कवटीचा वरचा भाग कूर्चेविना थेट पडद्यापासून बनत असल्यामुळे ब्रेकचा परिणाम त्याच्यावर होत नाही. दंड आणि मांड्या मात्र आखूड राहतात.

अकोंड्रोप्लेझिया असलेल्या सुमारे ८० टक्के व्यक्तींचे आईवडील सर्वसाधारण उंचीचे असतात, कारण हा बदल बहुधा नव्यानेच घडलेला असतो आणि वडिलांच्या वयाबरोबर त्याची शक्यता वाढते. तरीही आईने ग्रहणात विळी हाताळली म्हणून मूल असे झाले, असे आजही आमच्या भागात बोलले जाते. त्या आईने आयुष्यभर वाहिलेला दोष पूर्णपणे निराधार आहे.

वनस्पतींत अकोंड्रोप्लेझियाच्या उलट घडलेले दिसते. १९६६ च्या ‘आयआर-८’ या ठेंगू भातात ब्रेक दाबलेला नसून वाढीचे इंधन कमी पडते: जिबरेलिन हे वनस्पतींच्या वाढीचे संप्रेरक बनवणाऱ्या एका विकराचे जनुक निकामी असल्याने पेरी आखूड राहतात, दाणा मात्र भरतो, आणि जोराच्या वाऱ्यातही पीक सहसा लोळत नाही. डॉर्फ नारळाच्या खोडावरही पानांचे वण एकमेकांना चिकटून पडतात, तर बाणवली या उंच वाढणाऱ्या जातीच्या खोडावर ते दूर दूर दिसतात. रोपे तेवढी वाढलेली नसल्याने रोपवाटिकेच्या कडेला उभ्या असलेल्या दोन मोठ्या माडांच्या खोडांवर भाचीने हे अंतर बोटांनी मोजून पाहिले: एकावर जेमतेम दोन बोटे, दुसऱ्यावर चार.