डोलकाठीला धरून जहाज उचलू नका

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की लकडगंजातल्या आमच्या कामशाळेत दुरुस्तीला शोभेची छोटी लाकडी जहाजं येऊ लागतात. बहुतेकांचं दुखणं एकच: मधली डोलकाठी कललेली, दोर लोंबकळणारे. धूळ पुसताना डोलकाठीला धरून जहाज उचललेलं असतं. कृपया दोन्ही हात बुडाखाली घाला आणि स्टँडसकट उचला.

"मग काठी फेव्हिकॉलनं पक्की का करून देत नाही?" असं बरेच जण विचारतात. खऱ्या लाकडी जहाजावर डोलकाठी डेकमधून खाली जाते आणि तळाच्या कण्यावरच्या खाचेत बसते. तिला ताठ ठेवतात ते दोर, दोन्ही बाजूंनी आणि पुढून-मागून ताणलेले. शिडात भरलेल्या वाऱ्याचा जोर डोलकाठी आणि दोर मिळून जहाजाच्या अंगात उतरवतात, तेव्हा जहाज चालतं. आमच्या नमुन्यातही डोलकाठी दोरांवरच उभी असते. चिकटवलेल्या काठीला धक्का बसला तर डेकची फळीच उखडते, आणि ती पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही. दोर मात्र नव्यानं बांधता येतात. पण एक ओढला की समोरचा सैल पडतो. एका डोलकाठीचे सगळे दोर सारख्या ताणात आणायला कारागिराचे पूर्ण दोन दिवस जातात. दुरुस्तीचे पैसे आम्ही घेतो ते ह्या दोन दिवसांचे.

जहाज कूलरसमोरही ठेवू नका. सुती दोरा ओल धरून आखडतो, कूलर बंद झाला की मे महिन्याच्या कोरड्या हवेत सैल पडतो.

गलबताला तिसरी डोलकाठी लावून मागणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो. मराठा आरमारातल्या गलबताला दोनच असत, त्यातली मागची लहान. तीन हव्यात तर गुराब, म्हणजे त्याच आरमारातलं मोठं लढाऊ जहाज, घ्या. गुराबेला दोन किंवा तीन असत. नाहीतर १९९७ साली नौदलात दाखल झालेल्या 'तरंगिणी' ह्या शिडाच्या जहाजाचा नमुना पाहा. तिच्या पुढच्या दोन डोलकाठ्यांवर आडवी चौकोनी शिडं आहेत, मागचा वारा पुरेपूर घेणारी. तिसरीवरचं शीड जहाजाच्या लांबीच्या रेषेत असतं, ते जहाजाचं तोंड वाऱ्याकडे वळवायला मदत करतं. घरी आलेल्या पाहुण्यांना हे दाखवून समजावता येतं, म्हणून आम्हाला हा नमुना विशेष आवडतो.

काचेची पेटी सोबतच घेतलीत तर पुसायला जहाज उचलावंच लागत नाही. आमच्याकडून घेतलेल्या जहाजाचे दोर पहिल्या वर्षी एकदा मोफत ताणून देतो. शक्यतो होळीच्या आधी आणा.